उंच मनोरे आणि मोहल्ल्याचे माप

मस्कतच्या अल खुवैर भागात, समुद्राला लागून, शहराचे नवे ‘डाउनटाउन’ उभारण्याचे ओमानच्या गृहनिर्माण व नगरनियोजन मंत्रालयाने ठरवले आहे. त्याचा आराखडा लंडनच्या झाहा हदीद आर्किटेक्ट्स या संस्थेने केला आहे. जागा सुमारे ३३ लाख चौरस मीटर आणि वस्ती ६४,५०० माणसांची. घरे, कचेऱ्या, दुकाने, हॉटेले, कलादालने, बोटींचा धक्का, समुद्रकाठचा फिरायचा रस्ता आणि पुढेमागे येणारी मेट्रो, हे सारे एकाच ठिकाणी असावे अशी कल्पना आहे. आज तेथे सरकारी मंत्रालयांच्या बैठ्या इमारतींची रांग आहे. जवळच्याच चौकात १२६ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिला आहे, आणि येऊ घातलेल्या उंचीची कल्पना त्यावरून करता येते.

आम्ही हे अझैब्याहून लिहीत आहोत. अझैबा म्हणजे मस्कतचे पश्चिमेकडचे उपनगर. अल खुवैर आणि अझैबा यांच्यामध्ये गुब्रा तेवढे येते, त्यामुळे मोटारीने पंधरा मिनिटांत पोचता येते. हे अंतर पाहता तिकडे जे होईल त्याचे पडसाद इकडच्या भाड्यांत आणि रस्त्यांत उमटल्याशिवाय राहणार नाहीत.

वाचक विचारतील की मस्कतच्या इमारतींची चर्चा आपल्या मासिकात कशाला? उत्तर असे की हा आराखडा एकट्या मस्कतचा नाही. खाली दुकाने, वर वाहनतळ, त्यावर बाग आणि बागेतून वर गेलेले मनोरे, ही पाककृती आता सगळ्या जगात एकच झाली आहे. मुंबईत आपल्या जुन्या मशिदीपासून पायी जाण्याच्या अंतरावर, भेंडीबाजारात, ती शिजते आहे. इस्राएलमध्ये आपले लोक ज्या शिकूनमध्ये येऊन उतरले त्या जुन्या चाळवजा इमारतींच्या जागी तीच येते आहे. म्हणून हा आराखडा आपण आपल्या मापाने मोजून पाहावा असे आम्हांस वाटते. ते माप आपल्याकडे आहे, आणि नगररचनाकारांच्या मापापेक्षा जुने आहे.

प्रथम आराखड्याच्या बाजूने जे म्हणण्यासारखे आहे ते म्हणू. मस्कत हे लांबच लांब पसरलेले शहर आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ते मुत्राहपासून सीबपर्यंत गेले आहे, आणि सुलतान काबूस मार्ग हा त्याचा कणा आहे. या कण्याच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या माणसाला मोटारीवाचून काही करता येत नाही. अझैब्याचेही उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे या रस्त्याने केले आहेत; समोर दिसणाऱ्या दुकानात जायला लांबचा वळसा घ्यावा लागतो. अशा शहरात कुणी घर, कचेरी, बाजार आणि गाडीचे स्थानक जवळजवळ आणू म्हणत असेल, तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. ओमानने आजवर इमारतींच्या उंचीवर आणि रंगावर जो संयम ठेवला, त्यामुळे हे शहर आखातातल्या इतर शहरांसारखे काचेचे जंगल झाले नाही, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु मस्कतला डाउनटाउन नव्याने मिळत आहे, हे म्हणणे बरोबर नाही. ते त्याला अनेकदा मिळाले आहे. आधी जुने मस्कत आणि मुत्राहचे बंदर. मुत्राहच्या सूकमधल्या वर झाकलेल्या गल्ल्यांत उन्हाळ्यातही माणूस चालू शकतो, कारण त्या बांधणाऱ्यांना सावलीची किंमत ठाऊक होती. त्यानंतर १९७० च्या दशकात रुवीचे व्यापारी केंद्र आले. बैत अल फलज येथे विमानांची धावपट्टी होती. १९७३ मध्ये विमानतळ सीबला गेला आणि मोकळ्या झालेल्या त्या परिसरात बँका व कचेऱ्या उभ्या राहिल्या. पुढे मंत्रालये अल खुवैरला आली. २०१८ मध्ये विमानतळाची नवी मोठी इमारत उघडली आणि शहराचा तोल आणखी पश्चिमेला, म्हणजे अझैब्याच्याही पलीकडे, झुकला.

या स्थलांतरातून एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक वेळी श्रीमंत कचेऱ्या पुढे गेल्या आणि मागे राहिलेल्या जागेत गरिबांचे शहर उभे राहिले. आज रुवीत सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जाऊन पाहावे: केरळचे, बंगालचे, आंध्रचे, पाकिस्तानचे कामगार तेथे जमतात, घरी पैसे पाठवतात, केस कापून घेतात, आपल्या गावच्या चवीचे खातात. रुवीचा आराखडा करणाऱ्यांनी हे ठरवले नव्हते. जुन्या इमारतींची भाडी उतरली म्हणून ते घडले. ज्याला आपण शहराचा जीव म्हणतो तो बहुतेक वेळा उतरलेल्या भाड्याच्या जागेतच धरतो.

जुन्या मस्कतविषयी आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावी अशी एक नोंद आहे. जेम्स वेल्स्टेड हा इंग्रज आरमारी अधिकारी १८३५ च्या सुमारास ओमानात फिरला. मस्कतमध्ये त्याला थोडी यहुदी कुटुंबे भेटली; बगदादच्या दाऊद पाशाच्या जुलमामुळे त्यातली बहुतेक १८२८ साली तेथे आली होती. त्याच जुलमाने डेव्हिड ससून यांना बगदाद सोडावे लागले आणि ते बुशायरमार्गे १८३२ मध्ये मुंबईला पोचले. वेल्स्टेडने लिहिले आहे की मस्कतमध्ये या लोकांना वेगळी खूण बाळगावी लागत नसे आणि येमेनप्रमाणे वेगळ्या मोहल्ल्यात राहण्याची सक्तीही नव्हती. कुणी चांदीचे दागिने घडवीत, कुणी सराफी करीत. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या लहानशा बंदरात परागंदा माणसाला दुकान मांडायला आणि राहायला जागा मिळाली. आज ‘मिश्र वापर’ म्हणून जे शिकवले जाते त्याचे हे साधे रूप. नव्या डाउनटाउनची परीक्षा आम्ही याच प्रश्नाने करू: उद्या कुणी चांदीकाम करणारा, शिंपी किंवा न्हावी रिकाम्या हाताने येथे आला, तर त्याला बसायला जागा असेल काय?

‘मिश्र वापर’ याला आजच्या हिब्रूत ‘एरूव शिमुशिम’ म्हणतात. इस्राएलच्या नगरपालिकांच्या प्रत्येक आराखड्यात हा शब्द सापडतो. ‘एरूव’ शब्द मात्र आपल्या ओळखीचा आहे. शब्बाथच्या दिवशी एका घरातून दुसऱ्या घरात किंवा सामाईक अंगणात वस्तू नेता यावी म्हणून आपल्या धर्मज्ञांनी ‘एरूव हत्सेरोत’ची सोय सांगितली. एका अंगणाभोवती राहणाऱ्या सर्व कुटुंबांनी आपापल्या वाट्याची भाकर एका घरात ठेवायची. मग ते सारे अंगण एका कुटुंबाचे समजायचे. त्यात एकजण सामील व्हायचा राहिला तर सगळ्या अंगणालाच अडचण होते. मिश्नामध्ये या विषयाला एक स्वतंत्र मसेखेत आहे.

या नियमातला विचार पाहावा. नुसती घरे जवळजवळ असली म्हणजे एरूव होत नाही. प्रत्येकाची भाकर त्यात असावी लागते. आजचे आराखडेकार घरावर कचेरी आणि कचेरीखाली दुकान रचतात, आणि त्याला एरूव म्हणतात. हे रचणे झाले, मिसळणे झाले नाही. शंभर दिनारांचा कोट विकणारे दुकान आणि त्याच्या डोक्यावर राहणारा वरिष्ठ अधिकारी यांच्यात भाकरीची देवघेव नसते. आणि त्या दुकानात झाडू मारणारा रोज बसने दूर कुठून तरी येत असेल, तर त्या अंगणातला एकजण सामील व्हायचा राहिलाच.

उंचीबद्दलही एक गैरसमज आहे. जागा कमी म्हणून वर जावे लागते, असे सांगितले जाते. शिक्षकाच्या सवयीने आम्ही थोडा हिशोब मांडतो. अल खुवैरची ३३ लाख चौरस मीटर जागा म्हणजे सुमारे ८१५ एकर. तेथे ६४,५०० माणसे राहणार, म्हणजे एकरी सुमारे ७९. आता मुंबईचा भेंडीबाजार घ्या. पुनर्विकासाची जागा १६.५ एकर, तीत जवळजवळ २५० जुन्या इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने. एकरी १९४ कुटुंबे झाली. कुटुंबात पाच माणसे धरली तर एकरी ९७०. म्हणजे बिनलिफ्टच्या, काही मजल्यांच्या जुन्या इमारती आराखड्यातल्या मनोऱ्यांच्या नगरीपेक्षा एकरी बारापट माणसे पोटात घेत होत्या. अल खुवैरच्या आकड्यात पाणी, बागा, रस्ते आणि सरकारी जागा धरल्या आहेत, त्यामुळे ही तुलना अगदी काटेकोर नाही. भेंडीबाजारातली गर्दीही कुणाला हवी अशी नव्हती. तरी एवढे खरे की माणसे मावत नाहीत म्हणून अल खुवैरला मनोरे लागतात, असे म्हणता येत नाही. मनोरे समुद्र दिसावा म्हणून लागतात, आणि समुद्र दिसणाऱ्या मजल्याचा भाव जास्त येतो म्हणून लागतात. तसे असेल तर तसे स्पष्ट म्हणावे.

भेंडीबाजाराचे नाव निघाले आहे तर त्याबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्याला जवळचे उदाहरण ते आहे. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सैयदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या प्रेरणेने २००९ मध्ये सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(९) या समूह विकासाच्या नियमाखाली सबंध वस्ती एकदम नवी करण्याचे काम त्याने हाती घेतले. जुन्या भाडेकरूंना किमान ३५० चौरस फुटांचे, मालकीचे घर विनामूल्य द्यायचे. दुकानदारांना त्याच वस्तीत दुकान द्यायचे. आणि उरलेली जागा विकून खर्च भागवायचा, अशी योजना. पहिल्या टप्प्याचे मनोरे पूर्ण होऊन जुनी कुटुंबे त्यांत राहायला गेली आहेत.

या कामावर टीका करणाऱ्यांनी ३१ ऑगस्ट २०१७ हा दिवस विसरू नये. त्या सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. ती पुनर्विकासाच्या यादीत होती. काही कुटुंबे निघाली होती, काही राहिली होती. जुनी वस्ती मोडू नका असे दुरून म्हणणे सोपे असते. रात्री माथ्यावरून माती गळते ती तेथे राहणाऱ्यांच्या. तेव्हा जुने ते सारे राखा, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे असे की भेंडीबाजारच्या योजनेत निदान पहिली ओळ बरोबर लिहिली आहे: जो तेथे राहत होता तो तेथेच राहील, आणि जो विकत होता तो तेथेच विकेल. ही ओळ पाळली जाते की नाही यावर वाद होऊ शकतो, न्यायालयात जाता येते, कारण ती लिहिलेली आहे. अल खुवैरच्या आराखड्याची जी चित्रे आणि जे आकडे मिरवले जातात, त्यात अशी ओळ पुढे मांडलेली नाही. क्षेत्रफळ आणि रहिवासी यांचेच गुणगान आहे.

भेंडीबाजारातून पायी निघाले की वीसेक मिनिटांत सॅम्युएल स्ट्रीट येते, आपला इस्राएल मोहल्ला. समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेली शाआर हाराहामीम, आपली जुनी मशीद, तेथील. १८६० पासून ती आजच्या जागी आहे. मशीद स्थानकाचे नाव तिच्यावरूनच पडले असे आपल्यात परंपरेने सांगतात. १८४० मध्ये नवी मशीद, शाआरे रासोन, झाली. कोकणातल्या गावांतून तेल गाळणे सोडून आलेले सुतार, गवंडी, पलटणीतले शिपाई आणि कारकून या मोहल्ल्यात का राहिले? मशिदीला चालत जाता यावे म्हणून. मिन्यानला दहा पुरुष लागतात, आणि शब्बाथच्या दिवशी वाहनात बसता येत नाही. म्हणून दहा माणसे पायी जमतील एवढ्या अंतरात घरे हवीत, त्या घरांचे भाडे त्यांना परवडायला हवे, आणि पोट भरायचे कामही फार दूर नसावे. ही तीन कलमे ज्या वस्तीत जुळतात तिला मोहल्ला म्हणावे. आपल्या आजोबांनी नगररचनेचे पुस्तक वाचले नव्हते, पण हे माप त्यांच्या पायांत होते.

मोहल्ला रिकामा कसा झाला तेही याच मापाने समजते. सुखवस्तू झालेली कुटुंबे भायखळा, आग्रीपाडा, माझगाव येथे मोठ्या घरांत गेली, तशा तिकडे नव्या मशिदी झाल्या. पुढे ठाण्याकडे ओढा वाढला. तेथील शाआर हाशामाइम तर १८७९ पासून होती. १९४८ नंतर बहुसंख्य लोक इस्राएलला आले. सॅम्युएल स्ट्रीटवर घाऊक व्यापाऱ्यांची गोदामे आली. जुनी मशीद उभी आहे, पण पायी येणारे दहा मिळणे कठीण झाले. इमारत टिकली, माप तुटले. कोणत्याही शहराच्या मधल्या भागात असे होते: जागेचा भाव वाढतो, राहणारे निघतात, आणि उरलेल्या देवळाकडे, मशिदीकडे पर्यटक पाहत राहतात.

इस्राएलमध्ये आपले लोक वसले ते दिमोना, बेर शेवा, अश्दोद, लोद, रामला अशा गावांत, सरकारने घाईने बांधलेल्या शिकूनमध्ये. तीन-चार मजले, लिफ्ट नाही, भिंती पातळ. तरीही तेथे पुन्हा मोहल्ला जमला, कारण अंतर पायी होते. बेथ क्नेसेत खाली, दुकान कोपऱ्यावर, मालिद्याला शेजारणी ताटे घेऊन येत. आता या शिकूनवर पिनुई-बिनुईची पाळी आली आहे: जुने पाडायचे, मूळ रहिवाशाला नव्या मनोऱ्यात घर द्यायचे आणि बाकीची घरे विकायची. भूकंप आणि क्षेपणास्त्रे यांचा विचार करता नव्या इमारतीत ममाद, म्हणजे सुरक्षित खोली, मिळते, ही लहान गोष्ट नाही. ज्या आजींना तीन जिने उतरणे होत नव्हते त्यांना लिफ्ट मिळते, हीही नाही.

पण मनोऱ्याचा खर्च घर मिळाल्यावर सुरू होतो. दोन-तीन लिफ्ट, पाण्याचे पंप, जनित्र, अग्निशमनाची यंत्रणा, पहारेकरी, रंगरंगोटी. या सगळ्याचा भार वाअद बायितच्या मासिक वर्गणीत येतो, आणि जुन्या शिकूनमधली जिना झाडण्याची वर्गणी त्यापुढे चिल्लर वाटते. निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस फुकट मिळालेल्या घरात राहू शकत नाही आणि ते विकून दूरच्या गावी जातो. वयस्क रहिवाशांना निराळे पर्याय द्यावेत अशी तरतूद इस्राएलच्या कायद्यात झाली आहे, ती चांगली आहे. मात्र पर्याय म्हणजे बहुधा दुसरीकडचे घर. दहा म्हाताऱ्यांनी दहा पर्याय स्वीकारले की मिन्यान संपला. कागदोपत्री प्रत्येकाचा फायदा झाला असतो, आणि मोहल्ला कुणाच्याच खात्यात नसतो. ज्यांच्या इमारतीत सध्या सह्या गोळा होत आहेत त्या वाचकांनी घराचे चौरस मीटर मोजताना महिन्याची वर्गणीही लिहून मागावी, आणि शब्बाथची लिफ्ट असेल की नाही हेही विचारावे. विसाव्या मजल्यावरच्या माणसाला शनिवारी ती नसेल तर घर हा तुरुंग होतो.

आता पुन्हा मस्कतकडे येऊ. येथे मिन्यानचा प्रश्न नाही, पण माप तेच लागू पडते. प्रार्थनेऐवजी कामाला जमणारी दहा माणसे घ्या. एका मनोऱ्याला रोज सकाळी कोण लागतो? पहारेकरी, सफाईवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, माळी, स्वयंपाकी, डबा पोचवणारा, मूल सांभाळणारी बाई, नर्स, शिक्षिका, किराणावाला. २०२० च्या जनगणनेत ओमानची लोकसंख्या सुमारे ४४ लाख ७१ हजार होती आणि तीत परदेशी माणसे ३९ टक्के. वरची दहा कामे करणाऱ्यांत ही परदेशी माणसे फार मोठ्या प्रमाणात आहेत. ही दहा माणसे चालत येऊ शकतील एवढ्या अंतरात त्यांना परवडणारी खोली असेल काय? नसेल, तर डाउनटाउनच्या पोटात माणसे नेऊन ओतणाऱ्या आणि रात्री परत नेणाऱ्या बसगाड्या लागतील, आणि ज्या मोटारींच्या गर्दीवर उतारा म्हणून हे सारे मांडले ती गर्दी दुसऱ्या वाटेने परत येईल.

अझैब्याकडे पाहिले तर हे नीट समजते. येथे वास्तुशिल्पाचे कौतुक करावे असे थोडे आहे. पांढरी आणि मातकट रंगाची घरे, काही मजल्यांच्या भाड्याच्या इमारती, किनाऱ्याच्या बाजूने जाणारा अठरा नोव्हेंबर मार्ग, वाळूवर ओढून ठेवलेल्या कोळ्यांच्या होड्या. पण इमारतींच्या तळमजल्यावर फूडस्टफचे दुकान आहे, चहा-पराठ्याचे कॉफी शॉप आहे, कपडे इस्त्री करून देणारा आहे, शिंपी आणि न्हावी आहेत. उधारीची वही आहे. ही दुकाने चालवणारे जवळपास दाटीवाटीने राहतात, हे खरे. त्या दाटीवाटीचे गोडवे आम्ही गात नाही. परंतु कामापासून चालत जाता येईल अशा जागी ते राहतात. अल खुवैरच्या मागच्या जुन्या गल्ल्यांतही हेच चित्र आहे. समुद्राकडच्या बाजूचा भाव चढला की तो चढ मागच्या गल्लीत यायला वेळ लागत नाही, आणि गल्लीतून निघालेला न्हावी मनोऱ्याच्या खालच्या दुकानाचे भाडे भरू शकत नाही.

हवामानाचाही विचार करावा लागतो. ओमानात जून ते ऑगस्टपर्यंत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे. ज्या उन्हात मजुराने काम करू नये असे सरकार स्वतः म्हणते, त्याच उन्हात लोक दोन मनोऱ्यांमधल्या मोकळ्या फरसबंद चौकातून रमतगमत फिरतील, असे चित्रात दाखवणे बरोबर नाही. मुत्राहच्या सूकप्रमाणे अरुंद आणि झाकलेली वाट हवी. पाण्याचेही तसेच. जून २००७ च्या गोनू वादळात डोंगरातून उतरलेल्या वादींनी कुरूम, अल खुवैर, गुब्रा या भागांत काय केले ते येथे राहणाऱ्यांना आठवते. कोरडी दिसणारी वादी ही पाण्याची राखून ठेवलेली वाट असते. आराखड्यात पाण्याच्या वाटांचा विचार आहे ही जमेची बाजू आहे; ती बांधकामाच्या शेवटापर्यंत, प्रत्येक जागा विकून झाल्यावरही, मोकळी राहिली पाहिजे.

टीका करून थांबणे आमच्या पेशाला शोभणार नाही. उत्तरपत्रिकेवर लाल रेघ मारली की समासात सुधारणाही लिहावी लागते. अशा कोणत्याही मनोरा-परिसराच्या आराखड्यात, मग तो मस्कतचा असो, मुंबईचा असो की लोदचा, तीन ओळी लिहिलेल्या असाव्यात. पहिली: तळमजल्यावरच्या गाळ्यांपैकी ठरावीक हिस्सा लहान मापाचा आणि दीर्घ मुदतीच्या, ठरलेल्या भाड्याचा असेल, म्हणजे शिंपी आणि न्हावी यांना तो धरता येईल. दुसरी: तेथे रोज काम करणाऱ्यांपैकी किती जणांसाठी पायी अंतरावर परवडणारी राहण्याची सोय आहे, तो आकडा रहिवाशांच्या आकड्याशेजारी छापला जाईल. तिसरी: इमारतीच्या देखभालीची वर्गणी किती येईल, ती कोण ठरवील आणि ज्याला ती झेपणार नाही त्याचे काय होईल, हे घर देण्यापूर्वी सांगितले जाईल. या तीन ओळींना फारसा पैसा लागत नाही. बोटींच्या धक्क्यापेक्षा तर खचितच कमी लागतो.

झाहा हदीद यांच्या संस्थेच्या चित्रांत रेषा सुंदर आहेत. त्यांच्या हयातीत, म्हणजे २०१६ पर्यंत, आणि पुढेही या संस्थेने जगभर डोळे दिपवणारी कामे केली आहेत. अल खुवैरचे मनोरेही देखणे होतील यात आम्हांस शंका नाही. परंतु वस्ती देखणेपणावर टिकत नाही, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार? आपण नवगावच्या किनाऱ्यापासून कोकणात, कोकणातून मुंबईत, मुंबईतून जगभर वस्त्या केल्या आणि सोडल्या. मातीच्या घरांत टिकलो, चाळीत टिकलो, शिकूनमध्येही टिकलो. जेथे दहा माणसे पायी जमत होती तेथे टिकलो. जेथे तेवढी जमेनाशी झाली तेथे इमारतीची डागडुजी करणारे विश्वस्त तेवढे उरले. नवे डाउनटाउन बांधणाऱ्यांनी आपल्या दहा माणसांची मोजणी पाया खणण्यापूर्वी करावी. मनोरा एकदा उभा राहिला की त्याच्या पायथ्याशी मोहल्ला मागाहून लावता येत नाही.